अटक ते सुरत : राघोबादादांच्या सबबी

मराठी भाषेला दोन वाक्प्रचार एकाच माणसाच्या आयुष्यातून मिळाले आहेत. कोणी मोठा पराक्रम केला की आपण त्याने अटकेपार झेंडा लावला असे म्हणतो, आणि कोणी शब्दात फिरवाफिरव करून अनर्थ घडवला की ‘ध’चा ‘मा’ केला असे म्हणतो. या दोन्हींच्या मागे रघुनाथराव पेशवे, म्हणजेच राघोबादादा, उभे आहेत. पहिल्यात ते विजयी सेनापती आहेत. दुसऱ्यात पुतण्याच्या खुनाचा ठपका आलेले चुलते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर अवघे पंधरा वर्षांचे. एवढ्या काळात माणूस इतका कसा घसरतो?

मानसशास्त्रात याचे एक उत्तर सापडते. आपल्याला जे करायचे असते ते आपण करून बसतो आणि मागाहून त्याला एखादे सोज्ज्वळ कारण चिकटवतो. १९०८ साली अर्नेस्ट जोन्स या डॉक्टरांनी मनाच्या या खोडीला शास्त्रीय नाव दिले. अशा वेळी माणूस जगाशी खोटे बोलतो असे नाही. त्याआधी तो स्वतःचीच समजूत घालतो. नाव नवे असले तरी खोड जुनी आहे. नाचता येईना अंगण वाकडे ही आपली म्हण आहे. कन्नडमध्येही तीच म्हण आहे, फक्त तिथे अंगणाऐवजी जमीन वाकडी असते! सबबीला कन्नडमध्ये ‘नेप’ असा सुटसुटीत शब्द आहे. राघोबादादांचे चरित्र म्हणजे अशा नेपांची एक मालिकाच आहे.

थोरल्या बाजीरावांचे हे चिरंजीव १७३४ साली जन्मले. १७५८ साली त्यांच्या मोहिमेत मराठी फौजांनी लाहोर घेतले आणि त्या अटकेपर्यंत पोहोचल्या. यश मोठे होते, पण परतताना सोबत खजिना नव्हता, कर्ज होते. इतिहासात ते ऐंशी लाखांच्या घरात सांगितले जाते. हिशेबाची विचारणा झाली तेव्हा दादा दुखावले. आपला पराक्रम एवढा मोठा असताना आपल्याला कोणी जाब विचारावा, हेच त्यांना सहन होईना.

१७६१ साली पानिपत झाले, नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. कारभार वडीलधाऱ्याने पाहावा हे दादांचे म्हणणे तेव्हा गैर नव्हते. पण माधवराव स्वतः कारभार पाहू लागताच दादांना आपला मान राहिला नाही असे वाटू लागले, आणि १७६२ मध्ये ते निजामाची मदत घेऊन सख्ख्या पुतण्यावर चालून गेले. पुढे त्यांनी राज्याची वाटणी मागितली. १७६८ साली धोडप किल्ल्यावर त्यांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत राहावे लागले.

१७७२ साली माधवराव वारले. जाताना त्यांनी धाकट्या नारायणरावांना चुलत्याच्याच हवाली केले होते. पण चुलत्या-पुतण्यात बेबनाव झाला आणि दादा पुन्हा कैदेत पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, गारद्यांनी वाड्यात शिरून अठरा वर्षांच्या नारायणरावांना ठार केले. जीव वाचवण्यासाठी त्यांनी काकांनाच मिठी मारली होती असे सांगतात. दादांचा हुकूम नारायणरावांना धरण्याचा होता, तिथे कोणीतरी मारण्याचा केला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आनंदीबाईंवरचा तो आरोप सिद्ध झालेला नाही. पण तो खरा मानला तरी दादा सुटतात का? पगारासाठी दंगा करणारे शस्त्रधारी गारदी राज्याच्या धन्यावर सोडणे, हीच मूळची करणी होती. अक्षर नंतरचे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. दादा सत्तेवर आले, शास्त्री पुणे सोडून गेले. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हिशेबतपासनिसाबद्दल वाचतो. तो खर्चामागची भावना विचारत नाही, पावती मागतो. रामशास्त्र्यांनी नेमके तेच केले.

पुढचा अंक सुरतेचा. सुरतेच्या दक्षिण भागात बमरोलीला माझे मामा मागावर काम करतात. त्या बाजूला, उधना आणि पांडेसरा येथेही, खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. सुटीत मी तिथे गेले असता तापीकाठचा जुना किल्ला पाहिला. १७५९ पासून तो इंग्रजांच्या ताब्यात होता. बारभाईंनी सत्तेबाहेर काढलेले दादा गुजरातेत आले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची. दादांनी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे आणि वर साष्टी व वसई सोडून द्यायची. ज्या वसईसाठी १७३९ मध्ये त्यांचे सख्खे काका चिमाजीअप्पा लढले, तीच वसई!

संध्याकाळी मामांच्या शेजारच्या एका वृद्ध कामगारांना हे सांगितले, तर त्यांनी विचारले की त्या बिचाऱ्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तहांच्या आकड्यांतच आहे. १७७६ च्या पुरंदरच्या तहात दादांना वर्षाला सुमारे तीन लाखांची नेमणूक घेऊन कोपरगावी राहण्यास सांगितले होते. त्यांनी ते मानले नाही. वडगावची लढाई झाली, युद्ध लांबत गेले. १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने पदरात काय पडले? दरमहा पंचवीस हजार, म्हणजे वर्षाचे तीन लाखच! सहा वर्षांत किती माणसे मेली, आणि शिल्लक होती तेवढीच. १७८३ च्या अखेरीस दादा कोपरगावीच वारले.

या चरित्रातून मला सबब ओळखण्याची एक खूण सापडली. पुतण्या लहान आहे, मान राहिला नाही, वाटणी मिळाली नाही, कैद सोसवत नाही, हक्क हिरावला गेला : दादांची कारणे दरवेळी बदलली, आणि त्यांतले प्रत्येक थोडे थोडे खरेही होते. मागणी मात्र एकदाही बदलली नाही. ती सत्तेचीच राहिली. खरे कारण नाहीसे झाले की माणूस थांबतो. सबब संपली की तो दुसरी शोधतो.

आजही दोन वह्या ठेवणारा व्यापारी कराचा दर जास्त आहे म्हणतो. दर उतरला की स्पर्धा वाढली म्हणतो. परीक्षेत नक्कल करणारा आधी पेपर कठीण होता म्हणतो, मग सगळेच करतात म्हणतो. आपल्यापैकी अनेकजण दोन-चार वर्षांत कोणाच्या तरी हिशेबावर सही करणार आहोत. त्या वेळी समोरचा जे कारण सांगेल ते ऐकून घ्यावे, पण कालचे कारण कोणते होते हेही विचारावे. आणि मित्रहो, हाच प्रश्न अधूनमधून स्वतःलाही विचारावा.