सुभेदारांचे घर



बाबासाहेबांचा फोटो आपल्या घराघरांत आहे. भगवान बुद्धांच्या शेजारी तो असतो, आणि पुष्कळ घरी त्याच भिंतीवर माता रमाईंचाही असतो. पण बाबासाहेबांच्या वडिलांचा फोटो तुम्ही किती घरी पाहिला आहे? सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव जयंतीच्या भाषणात एकदा येते, चौदावे रत्न असा शब्द येतो, टाळ्या पडतात आणि वक्ता थेट कोलंबिया विद्यापीठात जाऊन पोहोचतो. मधली जवळजवळ बावीस वर्षे एका बापाने घरात काय केले, गाठीला पैसा नसताना काय केले, पोराने उलट प्रश्न केला तेव्हा काय केले, हे सांगायचे राहून जाते. आज तेवढेच सांगणार आहे. मोठ्या सभा, सत्याग्रह यांत काही नाहीत. एक घर आहे, एक दिवा आहे आणि काही पुस्तके आहेत.

सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते, रामजीही लष्करातच गेले. त्या वेळच्या लष्करात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते आणि त्यासाठी शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल होती. गावच्या शाळेत ज्याला पायरी चढू दिली नसती, त्याला पलटणीने शिक्षक केले. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. आपण त्यांना सुभेदार म्हणतो म्हणून डोळ्यांपुढे तलवार येते. प्रत्यक्षात त्या माणसाच्या हाती आयुष्यभर खडूच जास्त होता. मी स्वतः मास्तर असल्यामुळे मला या गोष्टीचे अगत्य वाटते, हे कबूल करतो.

मुरबाडच्या सुभेदार मुरबाडकरांची कन्या भीमाबाई या त्यांच्या पत्नी. त्यांना चौदा मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. शेवटचा भीमराव, महूच्या छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी. पुढे दोन-तीन वर्षांतच रामजी पेन्शनीवर निघाले. महिना ५० रुपये पेन्शन. प्रथम दापोली, मग नोकरी मिळाली म्हणून सातारा. साताऱ्यास १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचा. मुलांना सांभाळायला रामजींची बहीण मीराबाई होती. ती पाठीने वाकलेली होती, पण घराचा सारा भार तिच्याच पाठीवर होता.

आता या घरातली संध्याकाळ पाहा. रामजी कबीरपंथी. मांस नाही, दारू नाही. दिवे लागले की मुलांनी एकत्र बसायचे, संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे म्हणायचे. यात सवलत नव्हती. बाप लष्करातला, शिस्तही लष्करातली. कबीर हा रामजींचा नुसता पंथ नव्हता, तो त्यांचा छंद होता, ओढ होती. महात्मा फुल्यांविषयीही त्यांना मोठा आदर होता. पुढे बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. त्यांतले दोन त्यांना वडिलांच्या अंगणातच भेटले होते. तिसरा कसा भेटला, ते पुढे येईल.

रामजींचा दुसरा छंद म्हणजे शिकवणे. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटली नाही. मुलांची गणिते स्वतः तपासायची, इंग्रजी स्वतः शिकवायचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भीमरावाकडून पक्की करून घेतली. मराठी वाक्याला इंग्रजीत नेमका कोणता शब्द बसतो, यासाठी अडून राहायची सवय तिथली आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे कौतुक करताना आपण थेट लंडनचे नाव घेतो. थोडे श्रेय साताऱ्याच्या त्या सतरंजीलाही द्यावे.

सगळेच गोड होते असे समजू नका. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलावाचे काम काढले होते आणि रामजी तिथे खजिनदार होते. मुले साताऱ्यास आत्याजवळ. १९०१ साली रामजींनी मुलांना सुटीत बोलावले, प्रवासाचा सगळा तपशील पत्राने कळवला, मसूर स्टेशनवर माणूस पाठवतो म्हणून सांगितले. मुलांनी नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून आगगाडी धरली. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. स्टेशनवर कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन पोरांनीच गाडी हाकली आणि रात्रभर कोणी घोटभर पाणी दिले नाही. ही हकीगत आपण मुलांच्या बाजूने ऐकतो. एकदा बापाच्या बाजूने पाहा. मुले निघाली हेच त्याला माहीत नव्हते. त्यांचे पत्र नोकराच्या हाती पडले होते आणि त्याने ते दिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तहानेने सुकलेली पोरे दारात उभी राहिली तेव्हा त्यांच्याकडून ती रात्र ऐकायची पाळी रामजींवर आली. पलटणीतला हुद्दा, पेन्शन, इंग्रजी, कशाचाच त्या रात्री मुलांना उपयोग झाला नव्हता.

पुढे कुटुंब मुंबईस आले, परळच्या डबक चाळीत. एकच खोली. तीत चूल, जळण, जाते, कोपऱ्यात बकरी आणि माणसे. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. अभ्यासाला जागा कुठली? रामजींनी तोड काढली. संध्याकाळी मुलाला लवकर झोपवायचे आणि आपण जागत बसायचे. रात्रीचे दोन वाजले की त्याला उठवायचे आणि त्याने सोडलेल्या जागेवर आपण अंग टाकायचे. मग जात्याच्या आणि बकरीच्या मधल्या जागेत, काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी पोरगा वाचत बसे. एका माणसापुरत्या जागेत दोघांनी रात्र अशी वाटून घेतली. लक्षात घ्या, हे एक-दोन रात्रींचे नाही. परीक्षेच्या दिवसांत एखादी रात्र पोराबरोबर जागणे कोणालाही जमते. म्हातारपणी, रोज दोन वाजेपर्यंत घड्याळाकडे पाहत बसणे ही वेगळी गोष्ट आहे.

आणि पुस्तके! भीमरावाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांचा नाद जास्त. रामजींना हे पसंत नव्हते. आधी क्रमिक पुस्तके, मग बाकीचे, असे त्यांचे मास्तरी मत. तरी पोराने पुस्तक मागितले आणि त्यांनी नाही म्हटले, असे होत नसे. खिशात पैसे नसले तर ते उठून लग्न झालेल्या मुलीकडे जात. एकीकडे जमले नाही तर दुसरीकडे. तिच्याजवळही रोकड नसली तर अंगावरचा एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच.

येथे क्षणभर थांबून त्या लेकींची नावे घेऊ या. मंजुळा आणि तुळसा. सासरी नांदणाऱ्या बाईने भावाच्या पुस्तकासाठी दागिना काढून द्यायचा, यात सासरची बोलणी किती खावी लागत असतील ते आपल्या घरातल्या बाया सांगू शकतील. भाऊ आनंदराव यानेही शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली, घरात चार पैसे यावेत म्हणून. एका मुलाचे शिक्षण सगळ्या घराने मिळून केले. राजगृहातील ग्रंथसंग्रहाची थोरवी गाताना या गहाण पडलेल्या दागिन्यांचाही हिशेब मांडला पाहिजे.

रामजींना देव्हाऱ्यात बसवावे असे मला वाटत नाही. त्यांनी दुसरे लग्न केले, जिजाबाई या विधवेशी. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावाचे मन फाटले. आपण कमवायचे आणि या घरातून जायचे असे त्याने ठरवले. त्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी रात्री चोरली, तर निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने पोराला शहाणे केले आणि तो अभ्यासाकडे वळला. घरात धाकही फार होता. रामजींचा शब्द शेवटचा असे. भीमरावाला तेवढी थोडी मोकळीक, कारण त्याची आई तो लहान असतानाच गेली होती.

या मोकळिकीचे पुढे काय झाले ते आता सांगतो. आपणा बौद्धांच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे.

भीमराव इंग्रजी शाळेतील एक परीक्षा पास झाला तेव्हा समाजातल्या लोकांना त्याचा सत्कार करावा असे वाटले. रामजींनी साफ नाही म्हटले. पोराचे डोके फिरेल. त्याने एक परीक्षा दिली, यापलीकडे केले काय, असे त्यांचे म्हणणे. लोक मग रामजींचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकर गुरुजींनी रामजींची समजूत घातली, सभा झाली, अध्यक्ष केळुसकरच. त्यांनी भीमरावाला आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. बापाने नको म्हटलेल्या समारंभातून बुद्ध त्या घरात आला.

मुलाने पुस्तक वाचले आणि तो पेटला. घरात अनेक वर्षे रामायण-महाभारताचे वाचन चालत असे. रामजी ते भीमरावाकडून बहिणींसाठी व कथा ऐकायला जमणाऱ्या माणसांसाठी वाचून घेत. आता त्याने वडिलांना सरळ विचारले, की बुद्धाचे वाङ्मय तुम्ही आम्हाला का दिले नाही? ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांचा कमीपणा सांगणारी हीच पोथी आमच्या हाती का? रामजींना हा प्रश्न रुचला नाही. वेडे प्रश्न विचारू नको, सांगतो तसे कर, अशा अर्थाचे बोलून त्यांनी विषय बंद केला. कुठलाही बाप हेच करतो. मीही वर्गात पुष्कळदा हेच करतो.

पण काही दिवसांनी भीमरावाने तोच प्रश्न पुन्हा काढला, आणि या वेळी रामजींनी उत्तर दिले. बाबासाहेबांना वाटले, की ते उत्तर वडिलांनी मधल्या दिवसांत तयार करून ठेवले असावे. पोराचा प्रश्न त्यांनी वरवर झटकला होता, तरी मनात तो घोळत राहिला होता. ते म्हणाले, की आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे तुमच्या मनात आपण हलके आहोत असा न्यूनगंड बसण्याचा संभव आहे. तो जावा म्हणून मी हे वाचायला लावतो. द्रोण, कर्ण हे लहान स्थितीतून केवढे वर गेले, आणि वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, ते पाहा. पोथीच्या आड लपवून बाप मुलांना उभे राहायला शिकवीत होता. त्याच्याजवळ जे होते त्यातूनच त्याने औषध काढले होते.

भीमरावाला या बोलण्यातले तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण हे दांभिक आहेत, कृष्णाचे वागणे कपटाचे, वालीच्या आणि सीतेच्या बाबतीत रामाचे वर्तन आपल्याला मान्य नाही, असे तो वडिलांच्या तोंडावर बोलून गेला. कबीरपंथी, शिस्तीचा, शब्द शेवटचा मानणारा तो बाप यावर गप्प राहिला. पोराने बंड केले आहे, हे त्याला कळून चुकले होते. पण त्याने हात उगारला नाही, केळुसकरांचे पुस्तकही काढून घेतले नाही.

दीक्षा घेतलेल्या कितीतरी घरांत आजी अजून जुने देव मनात धरून असते आणि शाळेतून आलेले पोर तिला सडेतोड प्रश्न विचारते. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाने रामजींची ती शांतता आठवावी, एवढेच या ठिकाणी सुचवतो.

राहिलेले थोडक्यात सांगतो. मॅट्रिक झाले, भायखळ्याच्या बाजारात रात्री दुकाने मिटल्यावर रमाबाईंशी लग्न झाले. इंटरनंतर पैसा संपला तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये मिळू लागले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाला. नोकरीसाठी तो बडोद्यास निघाला तेव्हा रामजींची इच्छा नव्हती. तिथे मुलाचा अपमान होईल ही धास्ती होती. मसूरची रात्र ते विसरले नसावेत. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव गेला, आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. येताना तो सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचला तेव्हा रामजींची नजर त्यालाच शोधीत होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी डोळे मिटले. अमेरिकेचे जहाज अजून काही महिने दूर होते.

६ एप्रिल १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या सहा महिने आधी, बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली. मी बुद्धाकडे कसा वळलो हे सांगताना त्यांनी वडिलांच्या त्या वाचनापासून सुरुवात केली आहे, आणि असे नोंदवले आहे, की लहान वयात बुद्धाकडे गेलो तेव्हा माझे मन कोरे नव्हते. तुलना करायला माझ्याजवळ आधीचे काही होते. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ही प्रस्तावना नव्हती. ती नंतरच्या काळात छापली गेली. आता ती मिळते. घरात मोठ्याने वाचली तर अर्ध्या तासाच्या आत संपते.