सेवाकार्याचे व्यवस्थापक : कै. गोपाळ कृष्ण देवधर

पुण्याच्या सार्वजनिक जीवनात वक्ते आणि पंडित पुष्कळ होऊन गेले. परंतु संकटात सापडलेल्यांस शिस्तीने साहाय्य पोहोचविणे हेच ज्यांनी जीवितकार्य मानले, असे पुरुष विरळा. कै. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांपैकी अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १८७१ साली झाला. काही काळ त्यांनी मुंबईस अध्यापन केले. १२ जून १९०५ रोजी नामदार गोखले यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. त्या दिवशी त्यांच्याकडून आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्या तिघांत देवधर होते. पुढे १९०७-०८ च्या दुष्काळात संयुक्त प्रांतात जाऊन त्यांनी साहाय्यकार्य केले.

१९०९ साली पुणे सेवासदन निघाले. रमाबाई रानडे अध्यक्षा, तर देवधर संघटक व चिटणीस. घरात अडगळीप्रमाणे दिवस कंठणाऱ्या विधवांनी शिकावे, शिक्षिका वा परिचारिका होऊन स्वतःचा चरितार्थ चालवावा, हा संस्थेचा हेतु. ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांस पाठविणे त्या काळी लोकनिंदेस आमंत्रण देणे होते. देवधरांनी ती निंदा सोसली व दारोदार फिरून निधीही जमविला.

१९२१ साली मलबारात मोपल्यांचे बंड झाले. सहस्रावधी निर्वासित कालिकतकडे लोटले. तेथे देवधरांनी छावण्यांची व्यवस्था पाहिली, अन्नवस्त्र पुरविले आणि शांतता होताच कुटुंबे पुन्हा वसविण्याचे काम हाती घेतले. विशेष हे की, निराधार झालेल्या मोपला स्त्रियामुलांसही त्यांनी साहाय्य मिळवून दिले. मदत देताना धर्म वा ज्ञाति त्यांनी विचारली नाही. मलबारातील तानूरच्या शाळेस आजही देवधरांचे नाव आहे.

सहकारी चळवळीतील त्यांचा अधिकार जाणून त्रावणकोर संस्थानाने आपल्या सहकार चौकशी समितीचे अध्यक्षपद त्यांस दिले. १९२७ पासून ते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. १७ नोव्हेंबर १९३५ रोजी ते निवर्तले.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था विद्यार्थ्यांस साहाय्य देतात, विधवांस आधार देतात. ते उचितच आहे. परंतु देवधरांचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनास टोचल्यावाचून राहत नाही : गरजू दारी आला असता आपण प्रथम त्याची नड विचारतो की त्याचे आडनाव? मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःशीच द्यावे.