बाळंतिणीजवळ जाणते माणूस हवे

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निघाले की त्यांचे परदेशगमन, वैद्यकाची पदवी आणि अकाली मृत्यू या तीन गोष्टी आपणांस चटकन आठवतात. परंतु ज्या घटनेने या आयुष्याला वळण दिले ती एका बाळंतपणाची होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेल्या यमूचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील विधुर कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. वयात सुमारे वीस वर्षांचे अंतर. पत्नीला शिकवायचेच, हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि तो कित्येकदा जाचक होई. १८७८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. नाव ठेवण्याचा बारावा दिवस त्याच्या वाट्याला आला नाही.

त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातील अंधारी, कोंदट खोली, शेगडीचा धूर आणि सुईण. पुरुष डॉक्टरला तेथे प्रवेश नव्हता आणि स्त्री-डॉक्टर उपलब्धच नव्हती. अनेक घरांत आईचे पहिले चिकाचे दूध वाईट म्हणून टाकून देत व अर्भकाच्या तोंडी मध किंवा गुळाचे पाणी घालीत. बाळ नीट ओढत नाही, स्तन दुखतात, दूध उतरत नाही, अशा तक्रारींवर स्वतःच अजाण असलेल्या त्या आईने विचारायचे कोणाला? वैद्यकीय मदतीवाचून आपले मूल गेले, हे शल्य आनंदीबाईंच्या मनात राहिले. दुःख नशिबाच्या माथी मारून त्या स्वस्थ बसल्या नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे.

१८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भरसभेत उभे राहून त्यांनी अमेरिकेस जाण्याची कारणे सांगितली. भारतात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे त्यांतील प्रमुख कारण होते. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या पतीविना निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ करण्यात आले. परंतु क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचा अंत झाला. शिकलेली विद्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत नेण्यास त्यांना अवधीच मिळाला नाही.

ते काम आपण पुरे केले काय? आकडे पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील ७८.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निःसंशय मोलाची आहे. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण त्याच दोन पाहण्यांत ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिले. खाट मिळाली, पण खाटेजवळ बसून बाळाला छातीशी कसे धरावे हे सांगणारे माणूस मिळाले नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर इमारत व यंत्रे यांवरील खर्च भांडवली म्हणून डोळ्यांत भरतो. परिचारिकेचा वेळ मात्र चालू खर्चात पडतो आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच कोसळते. आशा कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या व सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्याव्यात, अशी योजना २०११ पासून आहे. तिचे महत्त्व मोठे आहे. तथापि पहिला तास तिच्या हाती नसतो. तो प्रसूतिकक्षातील परिचारिकेच्या हाती असतो आणि तिच्यावर एकाच वेळी अनेक बाळंतिणींचा भार असतो.

आनंदीबाईंची जयंती-पुण्यतिथी आपण भाषणांनी साजरी करतो. प्रत्येक प्रसूतिकक्षात केवळ स्तनपानाच्या मदतीसाठी एक प्रशिक्षित परिचारिका नेमणे हे त्यांचे अधिक खरे स्मारक ठरेल. दहा दिवसांच्या त्या अनाम बालकाचे एवढे देणे आपण अद्याप लागतो.