आगरकर : मैत्रीच्या आड आलेली मते

परदेशात मित्रामित्रांनी मिळून धंदा काढणे किंवा मंडळाची समिती चालवणे आपल्याला नवीन नाही. सुरुवातीला सगळं छान चालतं. मग एक दिवस मतभेद होतात आणि प्रश्न पडतो, दोस्ती सांभाळायची की काम? असा प्रश्न पडला की मला गोपाळ गणेश आगरकर आठवतात.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची अगदी गरिबी. कसंबसं शिक्षण करत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले आणि तिथे त्यांची बळवंतराव टिळकांशी गट्टी जमली. सरकारी नोकरी करायची नाही, लोकांना शिकवायचं, हे दोघांनी तिथेच ठरवलं. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी 'केसरी' निघाला. संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एवढी ही मैत्री!

पण आगरकरांना सामाजिक सुधारणा आधी हवी होती, टिळकांना राजकीय हक्क. बालविवाह, संमतिवय, रखमाबाईंचा खटला, प्रत्येक वेळी दोघे समोरासमोर. 'केसरी' तर सगळ्या मंडळींचा मिळून. सहकाऱ्यांना न पटणारी मतं त्यात किती रेटायची? आणि मित्र दुखावेल म्हणून गप्प तरी किती बसायचं? आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ साली स्वतःचा 'सुधारक' काढला.

गंमत म्हणजे (गंमत कसली, परीक्षाच!) पत्रं वेगळी झाली तरी दोघांची नोकरी एकाच संस्थेत. लेखांतून एकमेकांवर कडक टीका करायची आणि फर्ग्युसनमध्ये सहकारी म्हणून वावरायचं. पुढे आजीव सदस्यांनी बाहेरची कामं आणि कमाई करावी की नाही यावरून संस्थेतही वाद पेटला, आणि १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. कटुता दोन्हीकडे होती, ती झाकण्यात अर्थ नाही.

आगरकर १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा पाठ सोडत नव्हता. सनातन्यांनी तर जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

मैत्रीसाठी आगरकरांनी मत गिळलं नाही, आणि मतासाठी सगळ्यांचं पत्र आपल्या एकट्याचं करून टाकलं नाही. आपलं वेगळं दुकान मांडलं आणि त्याची किंमतही मोजली. समितीच्या पुढच्या बैठकीत आवाज चढायला लागले, तर मंडळी, हे एवढं आठवून पाहा.