गुळवेलीची परीक्षा घेणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर

घरात कुणाची केमोथेरपी सुरू झाली की सल्ले देणाऱ्यांची रीघ लागते. चिंचवडची सोसायटी असो वा चाकणजवळची वाडी, कडुनिंबावर चढलेली गुळवेल कुणी ना कुणी आणून देतेच. पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत, मग काढा द्यावा का? हा प्रश्न अनेकदा डॉक्टरांपर्यंत पोहोचतही नाही. या प्रश्नाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या संशोधकांमध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर यांचे नाव आघाडीवर आहे.

मराठी वाचक त्यांना ‘फुलवा’, ‘वृक्षगान’, ‘हिरवाई’ या पुस्तकांच्या लेखिका म्हणून ओळखतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्या औषधशास्त्राच्या अभ्यासक होत्या. झाडांवर त्यांचा जीव होता. पण प्रयोगात कोणत्याही झाडाला त्यांनी सवलत दिली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतीय औषधनिर्मितीची मोठी आशा प्रतिजैविकांवर होती. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. मात्र प्रतिजैविक जंतूंवर हल्ला करते, तेव्हा शरीराच्या पांढऱ्या पेशींचीही साथ लागते. केमोथेरपीत नेमक्या याच पेशी घटतात. ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि त्यात अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही सापडतात. मग साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

डॉ. डहाणूकर यांनी विचार केला तो शरीराच्या या बाजूचा. आयुर्वेदात ‘रसायन’ म्हणून सांगितलेल्या वनस्पती प्रतिकारशक्तीला खरोखर बळ देतात का, हे त्यांना मोजून पाहायचे होते. १९८०च्या दशकात डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासह त्यांनी गुळवेल आणि शतावरी यांचा अभ्यास केला. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरील औषध उंदरांना दिले, की त्यांच्या पांढऱ्या पेशी घटत. या दोन वनस्पतींचा अर्क दिलेल्या उंदरांमध्ये ही घट कमी-अधिक प्रमाणात रोखली गेली. १९८८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी लिथियम कार्बोनेट आणि ग्लुकन हे पदार्थही त्यांनी वापरले होते. नुसते ‘गुण येतो’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. कशाच्या तुलनेत आणि किती, हेही त्यांनी तपासले.

अर्थात, उंदरात दिसले म्हणून माणसात तसेच घडेल असे नाही. केईएममध्ये शल्यचिकित्सक डॉ. रवींद्र बापट आणि डॉ. निर्मला रेगे यांच्यासोबत पुढचे पाऊल पडले ते वेगळ्या आजारात. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे दोन गट केले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी ठरावीक मात्रेत गुळवेलही दिली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुळवेल न घेतलेल्या निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या गटात एकालाही झाला नाही. आकडे आशादायक होते, पण रुग्ण अवघे ३० होते आणि हा अभ्यास केमोथेरपीचा नव्हता.

आधुनिक वैद्यकाच्या वाचकांना आयुर्वेदाची नव्याने ओळख करून देणारे ‘आयुर्वेद रीव्हिजिटेड’ हे इंग्रजी पुस्तक त्यांनी डॉ. थत्ते यांच्यासह १९८९ मध्ये लिहिले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

परीक्षेचा हा आग्रह किती मोलाचा होता, ते करोनाकाळात कळले. २०२०च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांना आढळले. त्यावर, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी, असाही दावा झाला. पण झाडावरून तोडलेली वेल कोणती, तिची मात्रा किती, हे घरच्या काढ्यात कोण तपासणार? शिवाय केमोथेरपीच्या अनेक औषधांचा निचरा यकृताकडूनच होतो. ते आधीच ताणाखाली असते.

म्हणून केमोथेरपी सुरू असताना काढा, चूर्ण, गोळी असे काहीही घेण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना सांगावे. वैद्यांचे औषध सुरू असेल तर ती चिठ्ठीही दाखवावी. पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी आता फिलग्रास्टिमसारखी तपासून सिद्ध झालेली इंजेक्शने आहेत. ती कुणाला द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर घरी काढा उकळत न बसता रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.