किंग डिकची घरं

आमचं घर झालं १९८७ साली. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे तुळशीवृंदावन. हे शाळेत कारकून. पगार इतका बेताचा की कर्ज देणाऱ्या साहेबांनी फॉर्म वरून खालपर्यंत वाचला आणि तसाच परत दिला. मग सासूबाईंच्या पाटल्या गेल्या आणि उरलेली रक्कम गावातल्या एका सावकाराकडून शेकडा तीनने उचलली. शेकडा तीन म्हणजे महिन्याला हं, वर्षाला नव्हे! शंभर रुपयांवर वर्षाला छत्तीस रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी हे दिवस काढले असतील, म्हणून जास्त सांगत बसत नाही.

हे सगळं आठवायचं कारण मात्र फार लांबचं आहे. लेक-जावई न्यूझीलंडला, वेलिंग्टन शहरात असतात. त्यांच्याकडे गेले होते तेव्हा एका रविवारी लेकीनं मला पिटोनी नावाच्या उपनगरात नेलं. समुद्राकाठचं गाव, वेलिंग्टनपासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथे पॅट्रिक स्ट्रीट नावाचा एक साधा रस्ता आहे आणि त्याच्या कडेनं लाकडी, टुमदार घरं. लेक म्हणाली, आई, ही सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या सरकारनं कामगारांसाठी बांधलेली पहिली घरं. रिचर्ड सेडन नावाच्या पंतप्रधानानं बांधली. त्याला लोक किंग डिक म्हणायचे.

खरं सांगायचं तर मला पंतप्रधानापेक्षा त्या घरांच्या खिडक्यांत जास्त रस होता. पण रात्री लेकीनं त्याच्याबद्दल वाचून दाखवायला सुरुवात केली आणि मी उठून बसले. या माणसाची गोष्ट ऐकाच.

सेडन जन्मला २२ जून १८४५ रोजी इंग्लंडमध्ये, लँकाशायर परगण्यात सेंट हेलेन्स या कारखान्यांच्या गावाजवळ. वडील शाळामास्तर, आईसुद्धा शिकवायची. म्हणजे घरात दोन-दोन मास्तर! पण चिरंजीवांचं अभ्यासात काही लक्ष नाही. बाराव्या वर्षी शाळा सुटली. थोडे दिवस आजोबांच्या शेतावर, मग लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी. १८६३ मध्ये, अठराव्या वर्षी, हा ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तिथे सोन्याच्या खाणींचं वेड पसरलं होतं. सोनं काही मिळालं नाही, म्हणून रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली.

तिथेच लुईझा जेन स्पॉट्सवूड या मुलीशी लग्न ठरलं. पण तिच्या माहेरच्यांनी अट घातली. आधी पायावर उभा राहा, मग मुलगी देतो. (आपल्याकडे आणि त्यांच्याकडे यात काही फरक नाही बघा.) सेडन १८६६ मध्ये समुद्र ओलांडून न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला. तिथेही सोनं निघालं होतं. त्यानं खाणकामगारांसाठी दुकान टाकलं, चार पैसे गाठीला बांधले आणि जानेवारी १८६९ मध्ये परत जाऊन लुईझाशी लग्न केलं. पुढे कुमारा नावाच्या खाणगावात खाणावळ आणि दारूचं दुकान चालवलं. वकिलीची सनद नसताना कोर्टात खाणकामगारांच्या बाजूनं भांडला. गावचा पहिला नगराध्यक्ष झाला आणि १८७९ मध्ये आमदारकी जिंकून वेलिंग्टनच्या सभागृहात जाऊन बसला. धिप्पाड देह, खणखणीत आवाज आणि गावरान बोली. शिकलेली मंडळी त्याच्या उच्चारांना हसायची. तो मात्र बोलतच राहायचा.

१८९३ मध्ये आधीचे पंतप्रधान वारले आणि १ मे रोजी सेडन त्यांच्या खुर्चीत बसला. तेव्हा न्यूझीलंड ब्रिटिशांची वसाहत होती. १९०६ मध्ये मरेपर्यंत, तेरा वर्षं, तो त्या खुर्चीवरून उठला नाही.

आता त्याची एक खोड सांगितलीच पाहिजे. बायकांना मताचा अधिकार मिळू नये म्हणून या गृहस्थानं जीव तोडून खटपट केली! तिथे केट शेपर्ड आणि तिच्या मैत्रिणी वर्षानुवर्षं सह्या गोळा करत होत्या. त्यातल्या पुष्कळ जणी दारूबंदीवाल्या, आणि सेडन जुना दारूवाला. बायका मतदान करू लागल्या तर गुत्ते बंद होतील, ही दारूवाल्यांची धास्ती. विधेयक वरच्या सभागृहात पोहोचलं तेव्हा सेडननं तार करून आपल्या पक्षाच्या एका सभासदाला मत फिरवायला लावलं. हा अगोचरपणा विरोधी पक्षातल्या दोघांना इतका झोंबला की त्यांनी मुद्दाम बायकांच्या बाजूनं मत दिलं. विधेयक २० विरुद्ध १८ अशा मतांनी पास झालं! १९ सप्टेंबर १८९३ रोजी त्यावर सही झाली आणि देशपातळीवर बायकांना मत देणारा जगातला पहिला स्वशासित देश म्हणून न्यूझीलंडचं नाव झालं. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत निवडणूक आली, बायकांनी रांगा लावून मतं दिली आणि सेडनचंच सरकार पुन्हा आलं. नंतर तो या कायद्याचं श्रेय घ्यायलाही मागे राहिला नाही. ऐकून मी हसत सुटले. अशी माणसं आपल्याही घरात असतात.

पण कर्जाच्या बाबतीत या माणसाच्या सरकारला काहीतरी उमगलं होतं. १८९४ मध्ये त्याचा अर्थमंत्री जोसेफ वॉर्ड यानं शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्याचा कायदा आणला. त्याआधीची कित्येक वर्षं तिथे मंदी होती. शेतावर कर्ज काढायचं तर खाजगी सावकाराचं तोंड बघायचं, तो मागेल ते व्याज द्यायचं, आणि मुदत संपली की सगळी रक्कम एकदम टाका नाहीतर जमीन सोडा. वॉर्डनं काय केलं? सरकारच्या नावावर लंडनच्या बाजारातून १५ लाख पौंड वर्षाला ३ टक्क्यांनी उचलले आणि शेतकऱ्यांना ५ टक्क्यांनी दिले. मधल्या फरकात कचेरीचा खर्च निघाला.

आणि हप्ता कसा, ते नीट बघा, कारण हीच मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. शंभर पौंड कर्ज घेतलं तर वर्षाला सहा पौंड भरायचे, तीन-तीन असे दर सहा महिन्यांनी. सुरुवातीला त्यातले पाच पौंड व्याजाचे आणि एक मुद्दलाचा. मुद्दल थोडं कमी झालं की पुढच्या हप्त्यात व्याज थोडं कमी आणि मुद्दलात थोडं जास्त. हप्ता मात्र तेवढाच. अशा ७३ हप्त्यांत, म्हणजे साडेछत्तीस वर्षांत, कर्ज आपोआप फिटतं. बचतगटाची वही लिहिणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. सावकाराला मी दोन वर्षं व्याज भरलं आणि मुद्दलातला एक रुपया हलला नव्हता, ते आठवून त्या रात्री झोप लागली नाही.

पण ही सोय ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. शहरातल्या मजुराचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेलिंग्टनमध्ये माणसं वाढली, घरं कमी पडली, भाडी चढली. मजुरीतला मोठा तुकडा घरमालक घेऊन जायचा. सेडननं कारखान्याच्या गावातलं जिणं लहानपणी पाहिलेलं. आपल्या देशात तसली कोंदट वस्ती होऊ द्यायची नाही, असं त्यानं मनावर घेतलं. १९०५ मध्ये कामगार-घरांचा कायदा झाला. सरकार शहराबाहेर जमीन घेणार, घरं बांधणार आणि वर्षाला १५६ पौंडांच्या आत, म्हणजे आठवड्याला तीन पौंडांच्या आत मिळकत असलेल्यांना देणार. भाड्यानं राहा, नाहीतर वर्षानुवर्षं हप्ते भरून मालक व्हा. चाळीसारखी एका साच्याची घरं नकोत म्हणून निरनिराळ्या वास्तुरचनाकारांकडून नकाशे मागवले. न्हाणीघर घरातच. पाच हजार घरं बांधायचं स्वप्न होतं.

पिटोनीत पहिली पंचवीस घरं उभी राहिली. आणि अर्ज किती आले असतील? चार!

हे वाचून मी लेकीला म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. चारच. घरं चांगली बांधली, म्हणून महाग पडली. महाग पडली म्हणून भाडं चढं. ज्याला ते परवडेल त्याची मिळकत मर्यादेच्या वर, आणि ज्याची मिळकत मर्यादेत त्याला भाडं परवडेना. वर काम वेलिंग्टनला, घर पिटोनीला, म्हणजे रोजचं रेल्वेचं भाडं वेगळं. भिंती कशा, कौलं कशी, खिडक्या कुठे, सगळ्याचा विचार झाला, पण शनिवारी पगार हातात आल्यावर किराणा, दूध, मुलांचे बूट वगळून किती उरतात हे घरातल्या बाईला कुणी विचारलं असेल असं मला काही वाटत नाही. १९१९ पर्यंत पाच हजारांतली साडेसहाशेसुद्धा घरं पुरी झाली नाहीत.

सेडनला हे अपयश पुरतं पाहायला मिळालं नाही. १९०६ च्या जूनमध्ये तो ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून सिडनीहून बोटीनं घरी निघाला होता. बंदर सोडून जेमतेम एक दिवस झाला आणि १० जूनला बोटीवरच त्याच्या हृदयानं दगा दिला. एकसष्टावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. बोट उलटी फिरली. पुढे वेलिंग्टनमध्ये त्याला पुरलं, तेव्हा सारा देश लोटला म्हणतात.

त्याच वर्षी, तो गेल्यावर काही महिन्यांत, दुसरा कायदा झाला. यात सरकारनं घर बांधायचं नव्हतंच. कामगाराकडे स्वतःची लहानशी जागा हवी, वर्षाची मिळकत २०० पौंडांच्या आत हवी, दुसरी जमीन नको. मग ३५० पौंडांपर्यंत कर्ज सरकार देणार. शेतकऱ्याला मिळत होतं तसंच लांब मुदतीचं, थोड्या थोड्या हप्त्यांचं. कुठे बांधायचं, केवढं बांधायचं, आधी एकच खोली काढून बाकीचं नंतर वाढवायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ही योजना लोकांनी उचलून धरली. सरकारी घरांपेक्षा कितीतरी जास्त घरं या कर्जांवर उभी राहिली.

बाळंतपणाचंही सांगायला हवं. १९०४ मध्ये सुईणींच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १९०५ पासून कामगारांच्या बायकांसाठी कमी पैशांत बाळंतपण करणारी सरकारी रुग्णालयं निघाली. त्यामागे ग्रेस नील नावाच्या खमक्या परिचारिकेचा हात होता. रुग्णालयांना नाव दिलं सेंट हेलेन्स, सेडनच्या जन्मगावाकडचं. १८९८ मध्ये पासष्टीच्या पुढच्या गरिबांना वर्षाला १८ पौंड पेन्शनही त्याच्याच हट्टानं सुरू झालं.

मात्र त्या पेन्शनमधून चिनी आणि इतर आशियाई माणसं वगळली होती. आयुष्य तिथे खपलेला म्हातारा चिनी खाणकामगार असला तरी नाही. सेडनला चिनी माणसांचा मनापासून तिटकारा. त्याच्याच राज्यात देशात येणाऱ्या प्रत्येक चिन्यावरचा कर १० पौंडांवरून १०० पौंडांवर गेला. १८९९ च्या कायद्यानं तर आपल्यासारख्या हिंदुस्थानी माणसांनाही दार जवळपास बंद केलं. आणि गोऱ्या शेतकऱ्यांना जी जमीन मिळत होती त्यातली लाखो एकर माओरी लोकांकडून स्वस्तात घेतलेली. ज्या पॅट्रिक स्ट्रीटवर माझी लेक मला कौतुकानं फिरवत होती, तिथे तेव्हा तिला आणि मला अर्ज करायला कुणी उभं केलं असतं का? मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, मलाही तेच वाटत होतं.

पॅट्रिक स्ट्रीटची घरं आता वारसा म्हणून जपली आहेत. नंतरच्या कर्जावर झालेली घरं मात्र कुठली ते सांगता येत नाही. ती गावभर विखुरलेली, कुणी माडी चढवली, कुणी पाडून नवी बांधली. परत निघताना गाडीत लेकीनं विचारलं, आई, आपल्या घराचा शेवटचा हप्ता कधी भरला गं? मी पटकन सांगितलं, १४ मार्च १९९९, रविवार होता, पण सावकार घरीच होता. पाटल्या मात्र परत करायच्या राहूनच गेल्या. सासूबाई त्याच्या आधीच्या दिवाळीत गेल्या होत्या.