अंड्यांच्या पेटीत बाळ ठेवणारे डॉक्टर

अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले की नातेवाईक सांगतात, बाळाला काचेत ठेवले आहे. ही काचेची पेटी मुळात अंडी उबवण्याची होती. ती बाळंतिणींच्या वॉर्डात आणली स्तेफान तार्निए या फ्रेंच डॉक्टरांनी.

तार्निए यांचा जन्म 1828 चा. पॅरिसच्या मातेर्निते या मोठ्या प्रसूतिगृहात ते शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा तिथे सूतिकाज्वराने एकामागून एक बाळंतिणी दगावत. त्यांनी आकडे मांडले, तर शहरात घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा इथले मृत्यू सुमारे 17 पट! हा ताप एकीकडून दुसरीकडे पसरतो, असे 1857 च्या प्रबंधात लिहिण्याचे धाडस त्यांनी केले. पुढे तिथलेच प्रमुख झाल्यावर त्यांनी आजारी बाळंतिणींना वेगळे ठेवायला सुरुवात केली. माता वाचू लागल्या. अशक्त बाळे मात्र थंडीनेच जात होती.

1870 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या एका प्राणिउद्यानात त्यांनी कोंबड्यांची अंडी उबवणारे यंत्र पाहिले. घरी बदकाची अंडी उबवणाऱ्यांना यातले मर्म ठाऊक असते. साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअसची ऊब सलग 28 दिवस टिकवावी लागते. कोंबडीला 21 दिवस पुरतात. अंडे फार वेळ गार पडले तर आतल्या जिवाची वाढ थांबते आणि दोन-तीन अंश जास्त झाले तर तो मरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचेही तसेच. त्वचा पातळ, अंगावर चरबी नाही, कुडकुडून ऊब निर्माण करणेही जमत नाही.

यंत्र बनवणारे ओदिल मार्तँ यांनाच तार्निए यांनी बाळांसाठी पेटी करायला सांगितले. लाकडाच्या दुहेरी भिंती, मध्ये भुसा. मार्केट यार्डातून आणलेल्या आंब्याच्या पेटीत पेंढा ऊब धरतो, तेच काम इथे भुशाचे. तळाशी गरम पाण्याची टाकी, वरच्या कप्प्यात बाळे, झाकण काचेचे आणि आत थर्मामीटर. पाणी कधी फारच तापे, म्हणून पुढे एका बाळापुरती साधी पेटी निघाली. तिच्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या आणि दर काही तासांनी बदलायच्या. हे काम परिचारिकांचे; रात्रीसुद्धा. पेटीच्या यशात त्यांचा वाटा मोठा आहे, तो फारसा सांगितला जात नाही.

दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आल्याची नोंद 1883 मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या कसोटीला ही तुलना उतरणार नाही, कारण आधीची आणि नंतरची बाळे सारखीच होती असे म्हणता येत नाही. तरी फरक डोळ्यांत भरणारा होता.

नुसती ऊब पुरत नाही, हेही तार्निए यांना लवकरच कळले. अंड्यातल्या पिलाचे अन्न अंड्यातच असते. बाळाला ते बाहेरून द्यावे लागते. चोखण्याचे बळ नसलेल्या बाळांना ते बारीक रबरी नळीने थोडे थोडे दूध पाजू लागले.

1897 मध्ये ते वारले. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी पेटीच्या भिंतीही काचेच्या केल्या, आईला आपले बाळ दिसावे म्हणून.